सात नंबरचा पाय

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची आपल्याकडे रीत आहे. मीही त्या रीतीने थांबलो होतो. पण पुंजाजी जायचं नाव घेत नाही. माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे. मला मधुमेह, रक्तदाब आणि जिन्याची भीती असे तीन विकार आहेत. त्याला एकही नाही. गावात आरोग्य शिबिर आलं होतं तेव्हा डॉक्टरने त्याची नाडी मोजली, पुन्हा मोजली, आणि यंत्र बिघडलं म्हणून दुसरं मागवलं. यंत्र चांगलं होतं. नाडीच तशी संथ आहे. हे असंच चाललं तर मी त्याच्यावर लिहिण्याऐवजी त्याच्यावर माझ्याबद्दल चार शब्द बोलायची पाळी येईल, आणि तो दोनच बोलेल. तेव्हा आधी लिहून टाकतो.

आमचं गाव बीबीपासून पायी तासाभराच्या अंतरावर आहे. पुंजाजीच्या पायांनी पंचवीस मिनिटं. गावात अंतर सांगताना अजून हे दोन्ही हिशेब चालतात. परक्या माणसाने विचारलं तर म्हातारे पहिलं सांगतात आणि मग पुस्ती जोडतात, "पुंजाजीनं गेलं तं लवकर व्हते." जणू तो एखादी गाडी आहे.

माणूस दिसायला काही नाही. काळा, काटक, कानाच्या पाळ्या मोठ्या, आवाज बसका. नजर लागावी असं काही असेल तर ते पाय. नऊ नंबरचे, पुढे रुंद, आणि बोटं अशी फाकलेली, की प्रत्येकाच्या नावाने वेगळा सातबारा असावा. ते पाय रोवून तो उभा राहिला की बाकीचा पुंजाजी नुसता वर ठेवल्यासारखा वाटायचा.

तो माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाही, पायाकडे बघतो. माझं लग्न झालं तेव्हा मांडवात सगळे नवरीच्या रंगाबद्दल, शिक्षणाबद्दल, माहेरच्या बागायतीबद्दल बोलत होते. पुंजाजी आला, तिच्या पायांकडे बघून म्हणाला, "चाल सरळ हाये. टिकीन." आमच्या संसारात तिचं एवढं नेमकं कौतुक मला कधी सुचलं नाही. बायको ते वाक्य अजून सांगते, आणि सांगताना माझ्याकडे बघते.

त्याच्या घरचा भाजीपाला. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या पट्ट्यात थोडी कपाशी. शाळेआधी वाफ्यांना पाणी, मग दप्तर डोक्यावर धरून पळत शाळा. प्रार्थनेला तो कधी चुकला नाही. मी सायकलवर निघायचो आणि चुकायचो. माझी सायकल पंक्चर व्हायची, साखळी पडायची, समोरून वारा असायचा. त्यालाही तोच वारा असणार, पण त्याने कधी वाऱ्याचं नाव काढलं नाही.

आजच्या मुलांना त्या काळच्या बुटांबद्दल सांगितलं तर ती मी पुराणातलं काही सांगतो आहे अशा नजरेने बघतात. धावायचे बूट म्हणून काही वेगळी वस्तू असते हे मला शाळेच्या वाचनालयातल्या एका जुन्या मासिकातून कळलं. त्यात परदेशी धावपटूचा फोटो होता. मी तो इतके दिवस पाहिला की त्याच्या बुटाच्या शिवणी मोजून झाल्या. आमच्याकडे होते ते पी.टी.चे बूट. पांढरं कापड, खाली पातळ रबर, आत शिरल्याबरोबर पाय भाजायला लागावा असे ऊबदार. पावसात फुगायचे, उन्हात आखडायचे, आणि चवड्याच्या वळणावर तीन महिन्यांत फाटायचे. मळले की ओल्या खडूने रंगवायचे. घेताना नेहमी दोन माप मोठे घ्यायचे, कारण पाय वाढता. मधली रिकामी जागा घरच्या कापसाने भरायची. पाय वाढेल तसा एकेक बोंडाचा कापूस काढायचा, आणि पाय बुटाला पुरा पडेपर्यंत बूट संपलेले असायचे. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांची बोटं कापसात वाढली आहेत.

पुंजाजीला त्यातलेही बूट मिळत नव्हते. दुकानात नऊ नंबर नसायचा. मग तो आठचे घेई, पुढचं कापड कापून बोटांना वाट करून देई, आणि खाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे सुतळीने शिवे. ते टाके त्याने स्वतः शोधून काढले होते. रबर घासलं तरी सुतळी घासू नये म्हणून टाका टायरच्या खाचेत दाबून बसवायचा. मी तो टाका शिकायचा प्रयत्न केला. माझा बूट दुसऱ्या दिवशी बांधावर राहिला आणि मी पुढे गेलो. पुंजाजीच्या बुटांचे ठसे मात्र शिवारभर उमटायचे. एका म्हाताऱ्याने पंचांकडे तक्रार केली होती, की कोणी तरी रोज त्याच्या हरभऱ्यातून सायकल नेतो, आणि तीही उचलून उचलून.

मी धावत होतो, हे सांगायला हवं. वाईट धावत नव्हतो. गावात माझ्या वयाचे दोनच जण धावायचे आणि मी त्यातला दुसरा होतो. मला धावण्याबद्दल त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त माहिती होती. श्वास कसा घ्यावा, हात कसा ठेवावा, शर्यतीआधी काय खाऊ नये, हे सगळं मी वाचलं होतं आणि त्याला सांगायचो. तो मन लावून ऐकायचा आणि मग पुढे निघून जायचा.

एकदा सव्वीस जानेवारीला तालुक्याला शर्यत होती. लोणारला. अट अशी, की पांढऱ्या बुटांशिवाय कोणाला उभं करणार नाही, कारण पाहुण्यांसमोर शिस्त दिसली पाहिजे. शिस्त ही गोष्ट त्या काळी पायात असायची. पुंजाजीचे टायरवाले बूट तपकिरी, अर्धे उघडे. तो म्हणाला, बघू. सकाळी मैदानावर आला तर पायात झळझळीत पांढरे बूट. रांगेतले सगळे त्याच्या पायांकडे बघत राहिले. मी माझे बूट पाहिले आणि पुन्हा त्याचे; ह्याला कोणी दिले? जवळ गेल्यावर कळलं. बूट नव्हतेच. त्याने खडूची पूड बाभळीच्या डिंकात कालवून पाय घोट्यापर्यंत रंगवले होते, वर कोळशाने नाड्या काढल्या होत्या आणि नाड्यांना गाठही मारली होती. पंच दोन वेळा रांगेसमोरून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी पुंजाजीच्या बुटांकडे बोट दाखवून बाकीच्यांना सांगितलं, स्वच्छता म्हणजे ही.

तो पहिला आला. बक्षीस घ्यायला चढला तेव्हा घामाने नाड्या विरघळल्या होत्या आणि मंचावरच्या सतरंजीवर पाच-पाच बोटांचे पांढरे ठसे उमटले. पाहुण्यांनी ते पाहिले, पंचांनी पाहिले. कोणी काही बोललं नाही, कारण बोलायचं तर शिस्तीची तारीफ मागे घ्यावी लागली असती. मी दुसरा आलो होतो. माझे बूट खरे होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी इतका वेळ इकडचं तिकडचं सांगतो आहे.

दहावीत असताना आमच्या शाळेला खिळ्यांचे बूट भेट मिळाले. शाळेचं नाव लिहीत नाही. काळं कातडं, तळाला सहा खिळे, अगदी मासिकातल्या फोटोत होते तसे. एका जिनिंगवाल्या शेठजींनी दिले. देण्याचा समारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली, आणि बूट मुख्याध्यापकांच्या खोलीत पृथ्वीच्या गोलाशेजारी कपाटात ठेवले गेले. कपाटाच्या काचेवर शेठजींचं नाव रंगवलं. जोडी एकच होती आणि माप सात. सातच का, तर दुकानदाराने माप विचारल्यावर शेठजींनी स्वतःचा पाय पुढे केला होता.

पुढे महिनाभराने बुलढाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. पंधराशे मीटरला शाळेकडून एकच मुलगा जाणार. तो कोण, याबद्दल गावात, शाळेत, वर्गात कोणालाही शंका नव्हती. मलाही नव्हती. पण बक्षीस द्यायला शेठजी येणार होते, आणि त्यांना त्यांचे बूट पळताना दिसायला हवे होते. आमचे पी.टी.चे इंगोले सर भले माणूस होते. पण मुख्याध्यापकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, की बूट गेले पाहिजेत. आता बूट एकटे जाऊ शकत नाहीत. त्यामुळे बुटांसाठी मुलगा शोधायचं काम सुरू झालं.

आम्हा सहा जणांना खोलीत बोलावलं. पहिला पुंजाजी. त्याने पाय ओला केला, बोटं एकावर एक चढवली, टाच दाबली. शिवण करकरली तशी सरांनी त्याचा हात धरला. मग बाकीचे. कोणाचा आठ, कोणाचा साडेआठ. शेतातले पाय, सगळे पसरलेले. इंगोले सरांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. ते आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "कोणालाच नाही बसले तर बरंच. मग पुंजाजीच जाईल अनवाणी. शेठजींना मी सांगतो काय ते."

शेवटचा मी. माझा पाय सहाचा, किंबहुना त्याहूनही थोडा कमी. पाय आत गेला तो डब्यात एकच लाडू ठेवावा तसा. सरांनी पुढून अंगठ्याने दाबलं. त्यांना पोकळ लागलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सैल नाही ना रे?"

मी म्हणालो, "नाही सर. बरोबर सात."

पुंजाजी माझ्या शेजारीच उभा होता, आणि पायांबद्दल त्याला फसवणं कोणालाच शक्य नव्हतं.

जायच्या आदल्या दुपारी तो आमच्या घरी आला. मी ओसरीवर बूट घेऊन बसलो होतो आणि ते बघून आधी आत लपवावेत असं मला वाटलं. त्याच्या काखेत फडक्यात बांधलेला कापूस होता. भांडायला आलेला माणूस कापूस आणत नाही, म्हणून मला अधिकच भीती वाटली. तो खाली बसला, माझ्या हातातला बूट घेतला, आत बोटं घालून अंदाज घेतला.

"तुह्या घरचा कापूस आखूड हाये," तो म्हणाला. "पळता पळता त्याचा गोया व्हते. हा लांब धाग्याचा हाये."

आणि मग तासभर तो सरकी काढत बसला. एकेक सरकी बोटाने चिमटून बाजूला, कापूस पिंजून पातळ, मग त्याची घडी, मग घडी बुटात. मला पाय घालायला लावायचा, उभं करायचा, पुन्हा काढायचा. वळणावर बोटं आवळून धर, सुरुवातीला कोणाच्या मागे लागू नको, असं काही काही सांगत होता. एकदाही वर बघितलं नाही त्याने. तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर माझं आयुष्य फार सोपं गेलं असतं.

बुलढाण्याला मी अकरांत आठवा आलो. दुसऱ्या चकरेत डाव्या बुटातला कापूस घसरून तळव्याखाली गेला. पुढचं अंतर मी गादीवर पळालो. तो पुंजाजीचा दोष नव्हता. त्याने डावा बूट नीट भरला होता. रात्री मला घट्ट वाटला म्हणून मी त्यातला थोडा उपसला होता. शेठजी खूश होते. मला जवळ बोलावून माझ्या पायांकडे बघत ते म्हणाले, "छान पळाले." मी नमस्कार केला. ते शब्द बुटांना उद्देशून होते की मला, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

गावी आल्यावर पुंजाजीने विचारलं, कितवा आला. मी सांगितलं, आठवा. त्याने थोडा विचार केला. "पुढच्या टायमाले सातवा येजो," तो म्हणाला, आणि पाणी सोडायला गेला.

पुढचा टाइम आला नाही. पण त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र आलं. जिल्हास्तरीय सहभाग. दोन वर्षांनी अध्यापक विद्यालयात माझे गुण कमी पडले तेव्हा खेळाडूंची एक जागा होती; ती मला मिळाली. म्हणून मी शिक्षक झालो, म्हणून मुख्याध्यापक झालो, म्हणून आज मला लोक सर म्हणतात. माझ्या नोकरीचा पाया कशावर आहे असं कोणी विचारलं तर कापसावर आहे.

त्याच सुमारास पुंजाजी पोलीस भरतीला बुलढाण्याला गेला. धावण्यात पहिला आला, इतका पहिला, की घड्याळवाल्या साहेबाने दुसरा येईपर्यंत विडी पेटवली असं बरोबरची पोरं सांगायची. उंची बसली, छाती बसली. शेवटच्या जागेला दोन जण उरले, पुंजाजी आणि मलकापूरकडचा एक. टेबलवरच्या कारकुनाने दोघांना विचारलं, खेळाचा काही कागद आहे का. त्या दुसऱ्याने कबड्डीचा काढला. पुंजाजी म्हणाला, "कागद नाई. पाय हायेत."

तो परत आला आणि वांग्यांना पाणी द्यायला लागला. मला येऊन सगळं सांगितलं, विडीसुद्धा. हसून सांगितलं. कागदाचं सांगितलं तेव्हाही त्याच सुरात. माझा कागद तेव्हा लोखंडी पेटीत, शालीच्या घडीखाली होता.

यानंतरचा पुंजाजी सगळ्या तालुक्याला माहीत आहे. भरतीला जाणारी पोरं त्याच्याकडे कधी यायला लागली हे कोणाला नक्की आठवत नाही. आधी दोघं, मग दहा, आता पोरीही. पहाट फुटली की बीबीच्या रस्त्याला तो पुढे आणि मागे तीस-चाळीस जण. शिकवायचं असं काही नाही. तो शिट्टी वापरत नाही, घड्याळ वापरत नाही. डोळे मिटून रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि पोरं समोरून पळत जातात. मग एकेकाला सांगतो. तुझा उजवा पाय जास्त वाजतो. तू काल जेवली नाहीस. तू घरी भांडून आलास. हे त्याला पावलांच्या आवाजावरून कळतं. मी छत्तीस वर्षं वर्गात डोळे उघडे ठेवून उभा राहिलो आणि मला यातलं काही कळलं नाही.

त्याची पोरं पोलिसात आहेत, सैन्यात आहेत, वनखात्यात आहेत. सुटीवर आली की आधी त्याच्या वाफ्यावर जातात. माझा स्वतःचा मुलगा भरती झाला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन तो घरात शिरलाच नाही. परस्पर मळ्यात गेला. घरी आला तेव्हा पुडा सुटलेला होता. पेढा तोंडात घालताना मी मोजले. एकच कमी होता. तरी तो पहिला होता.

आणि याचं पुंजाजीला काहीच नाही. असा माणूस शेजारी असणं हा एक त्रास असतो, तो ज्याला असतो त्यालाच कळतो. त्याने थोडी तरी फुशारकी मारावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केले. मुद्दाम विचारायचो, तुझे किती लागले आतापर्यंत? तो म्हणायचा, "माहे कुठचे? त्यायच्या माय-बापाचे."

मागच्या हिवाळ्यात आमच्या त्याच शाळेत नवीन सभागृह झालं. भाऊसाहेबांनी दिलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सभागृहावर त्यांचं नाव शाळेच्या नावापेक्षा थोडं मोठं आहे. आत एका भिंतीवर मोठा फलक रंगवला, 'जिल्हास्तर गाजवणारे आमचे धावपटू'. नावं सालवार. पहिलं नाव माझं. गाजवणारे हा शब्द मुख्याध्यापिकाबाईंनी हौसेने घातला होता. अकरांत आठवा हे त्यांना माहीत नव्हतं. पुंजाजीचं नाव नव्हतं, कारण तो जिल्ह्याला गेला नव्हता.

त्या दिवसांत पुंजाजीची पोरं कुरकुरत होती. भरती आठ दिवसांवर आली होती. मेहकरच्या दुकानात नवे फुगीर तळाचे बूट आले होते. त्यांच्यामुळे म्हणे मिनिटामागे काही सेकंद वाचतात. ज्यांना परवडले त्यांनी घेतले. बाकीच्यांच्या बुटांची तळं गेलेली. दोघी बहिणींत एकच जोडी, पहिली पळून आली की दुसरी घालायची. एकाने मैदानावर म्हटलं, आता पळून फायदा काय. दुसऱ्या दिवशी तिघं आलेच नाहीत. हे मला बायकोने सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नव्हतं. मी भाषण लिहीत होतो.

समारंभात मला बोलायचं होतं, फलकावरचा पहिला धावपटू म्हणून. सभागृह भरलेलं. मागच्या रांगांत पुंजाजी आणि त्याची सगळी पोरं, मुख्याध्यापिकाबाईंनी मुद्दाम बोलावलेली. मी उभा राहिलो, फलकाकडे पाहिलं, आणि ठरवलं की खरं सांगायचं.

हा पश्चात्ताप होता असं लिहिलं तर चांगलं दिसेल. थोडा होता. पण खरं कारण वेगळं होतं. पन्नास वर्षांत मला एकही गोष्ट सापडली नव्हती जिच्यात मी त्याच्या पुढे आहे. मंचावर उभं राहून आपल्या नावाच्या फलकाखाली आपली लबाडी सांगणं, हे कोणी करत नाही. निदान मोठेपणात तरी एकदा त्याला मागे टाकावं, असं मला वाटलं.

मी सगळं सांगितलं. सातचे बूट, सहाचा पाय, सर काय म्हणाले, मी काय म्हणालो. ते बूट माझ्या पायात नसते तर आज या फलकावर पुंजाजीचं नाव असतं आणि अंगावर वर्दी असती, हेही सांगितलं. आवाज योग्य जागी कापरा झाला. पुढच्या रांगेतल्या बाई डोळ्यांना पदर लावत होत्या. माझेही डोळे भरले होते, स्वतःच्याच बोलण्याने.

तेवढ्यात मागून पुंजाजी उठला.

"पोरायहो, मास्तरचं आइकू नका," तो म्हणाला. माइक नव्हता, पण बसका आवाज पोचला. "मास्तर आता म्हातारे झाले. त्या साली माह्या टाचीत काटा मोडला व्हता. महिनाभर लंगडत व्हतो मी. बुटाचा काई संबंध नाई. अन् मास्तरचा पाय सातचाच व्हता. म्या पाह्यला हाये."

तो बसला. आधी एक जण हसला, मग सगळं सभागृह. मग टाळ्या, आणि त्या थांबेनात. भाऊसाहेबांनी माइक घेतला आणि काय ही मैत्री, काय ही माणसं, असं सुरू केलं. माझी कबुली दोन वाक्यांत म्हातारपणाचा विसराळूपणा होऊन बसली होती. माझं खरंसुद्धा त्याने टिकू दिलं नाही.

पुंजाजी मागच्या दाराने बाहेर पडताना दिसला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उतरलो आणि फाटकापाशी त्याला गाठलं. घाई झाली की माझी पुस्तकी भाषा सुटते.

"काटा कधी मोडला व्हता बे तुले?"

"नव्हता मोडला."

"मंग काऊन खोटं बोलला? म्या जन्मात पहिल्यांदा खरं बोलून राह्यलो व्हतो."

तो माझ्याकडे बघत होता. पायाकडे नाही, तोंडाकडे. "आठ दिवसांनी पोरायची भरती हाये," तो म्हणाला. "अर्ध्यायच्या बुटाले तळ नाई. तिघं घरी बसले व्हते, त्यायले आज सकाळी जाऊन आणलं म्या. अन् तू माइकवरून सांगून राह्यला, का बुटापायी माणूस राहून जाते."

तो जायला वळला, पुन्हा थांबला.

"तुले सांगाचंच व्हतं तं मले सांगतं," तो म्हणाला. "शेजारीच तं राह्यतो मी."

मग त्याने सूर्याकडे बघून वेळेचा अंदाज घेतला, बाराला लाइन येईल, मोटर चालू करायची आहे, असं काहीसं पुटपुटला आणि निघाला.

मी परत मंचावर येऊन बसलो. भाऊसाहेब जीवनाच्या शर्यतीवर बोलत होते. सभागृहाच्या खिडक्यांतून रस्ता दिसतो. आधी मागच्या रांगेतल्या एका पोरीची मान वळली, मग तिच्या शेजारचीची, मग रांगाच्या रांगा वळल्या. भाऊसाहेबांना वाटलं बाहेर कोणी मोठा माणूस आला. बोलता बोलता त्यांनीही वाकून पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं, फक्त पुंजाजी पळत होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. घाईने नाही, लाइन सापडावी एवढ्याच बेताने. समोरून म्हशी आल्या तेव्हा कडेला होऊन त्याने त्यांना वाट दिली आणि पुन्हा तीच लय धरली.

माफीचे शब्द जुळवायची ती वेळ होती. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन काय बोलायचं ते ठरवायला हवं होतं. पण मी त्याचे गुडघे पाहत होतो. सदुसष्टाव्या वर्षी असे गुडघे माणसाला कशाबद्दल मिळतात?